हुशार म्हणजे जागा

पावसाळा लागला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात 'अलर्ट' हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी येतो. आज यलो अलर्ट, उद्या ऑरेंज. इंग्रजीत हे मुळात विशेषण. अर्थ असा, की डोळे-कान उघडे असलेला. इटालियन भाषेत 'ऑल एर्ता' म्हणजे उंचावर, टेहळणीच्या जागी. पहारेकऱ्याला घातलेली ती हाक फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोचली.

याच अर्थाचे विशेषण आपल्याकडेही आहे. ते म्हणजे 'हुशार'. फारसीत 'होश' म्हणजे भान, शुद्ध. ज्याला भान आहे तो 'होशियार'. त्याचाच मराठीत 'हुशार' झाला.

वऱ्हाडावर इमादशाही, मुघल, निजाम अशा राजवटी आल्या. १७२४ साली निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांची निर्णायक लढाई आपल्याच साखरखेर्ड्याला झाली. राजे बदलले, तरी दप्तरात फारसी होती. कचेरीतले शब्द बाजारात आले, बाजारातून चुलीपर्यंत गेले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण लोकांच्या जिभेवर रुळलेला 'हुशार' मराठीच होऊन राहिला.

माझ्या घरात दख्खनी बोलतात, कविता मी मराठीत लिहितो. अम्मी म्हणायची, 'होशियारी से जा.' त्यात बुद्धीची गोष्ट नव्हती, रस्त्यावर नीट पाहून चालण्याची होती. शाळेत मात्र हुशार म्हणजे गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा.

मराठीने मूळ अर्थ अगदीच टाकलेला नाही. तापातून उठलेला माणूस म्हणतो, 'आज जरा हुशारी वाटून राह्यली.' अंगात तरतरी आली, भान परतले, एवढेच त्याला सांगायचे असते. संस्कृत 'अवधाना'तून आलेला 'सावध' शब्दही तसाच. शुद्धीवर आलेल्याला आपण 'सावध झाला' म्हणतो.

आता गुणपत्रिका पाहून आपण मुलाला हुशार ठरवतो. बैल लंगडतोय, आजी आज जेवली नाही, हे सर्वांआधी ज्याच्या ध्यानात येते, तो पोरगा 'साधा' ठरतो. शब्दाचा जुना अर्थ विचाराल, तर हुशार तोच. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी हा शब्द वापरताना त्या पोराचीही आठवण ठेवा.