मरीआईचा गाडा आता मोबाईलवर



मागच्या महिन्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्याने एक मेसेज टाकला. वर देवीचा फोटो आणि खाली मजकूर: हा मेसेज ११ जणांना पाठवा, रात्रीपर्यंत चांगली बातमी मिळेल, डिलीट केला तर घरात वाईट घडेल. आत्याच्या घरात देव्हारा नाही. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आहेत. मी फोन करून विचारले, "आत्या, तू हे कशाला पाठवलंस?" ती म्हणाली, "माझा काय विश्वास नाय रे. पण उगं कशाला अंगावर ओढून घ्यायचं? दिलं पुढं ढकलून."

तिचे हे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. कारण ही पुढे ढकलण्याची रीत आपल्या गावगाड्यात फार जुनी आहे.

पटकीची साथ आली की महाराष्ट्रातल्या गावागावांतून मरीआईचा गाडा निघत असे. छोट्या लाकडी गाड्यात देवी बसवायची, पोतराजाच्या कोरड्याच्या आवाजात तो गाडा गावातून फिरवायचा आणि शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. देवी गेली म्हणजे रोग गेला! पुढचे गाव जागे झाले की तेही घाबरून तोच गाडा आपल्या शिवेबाहेर ढकलणार. मरीआईचे देऊळ बहुतेक गावांत महारवाड्याजवळ, आणि तिची सेवा महार-मांगांच्या माथी. ज्यांना पाणवठ्याला शिवू दिले जात नव्हते, त्यांनीच रोगाच्या देवीला सांभाळायचे!

पटकी मात्र देवीच्या कोपाने येत नव्हती. ती दूषित पाण्यातून पसरत होती. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ सालीच एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी पटकीच्या मृत्यूंचा संबंध दाखवून दिला होता. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात राहून या रोगाच्या जंतूचा पुरावा मांडला. गाडा ढकलून एकाही गावाची साथ हटली नाही. पण त्या रीतीतली नीती पाहा: माझे गाव वाचावे, शेजारचे मेले तरी चालेल. आजचा चेन मेसेज याच नीतीवर चालतो. "माझ्यावरचे संकट टळो, आता पुढचे ११ जण बघतील."

मेसेजमधली धमकी कुठून आली? ती आली व्रतकथांतून. सत्यनारायणाची कथा आठवा. साधुवाणी नवस विसरला आणि त्याच्यावर संकटे कोसळली. नावेत काय आहे ते खोटे सांगितले तर माल पालापाचोळा झाला. कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली, तर नवरा नावेसकट दिसेनासा झाला. ऐकाल तर लाभ, टाळाल तर नाश, आणि मिळाल्यावर इतरांना सांगा. चेन मेसेजमध्ये याहून वेगळे काय आहे? ईश्वर आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, हे सांगण्यासाठी महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. मोबाईलने त्या मध्यस्थाची गरज संपवली खरी, पण उलट्या दिशेने. आता दक्षिणाही न घेता भटाचे काम आपणच करतो.

१९७५ साली 'जय संतोषी माँ' हा चित्रपट आला. शुक्रवारचे व्रत, गूळ-फुटाणे आणि आंबट वर्ज्य हे घराघरात पोहोचले. त्या काळातली पोस्टकार्डे अनेकांना आठवत असतील. इतकी पत्रे लिहा. एकाने लिहिली त्याला लॉटरी लागली, एकाने फाडली त्याचा मुलगा गेला. तो एक कोण, कुठल्या गावचा, हे कुठल्याच कार्डावर नसे.

पुढे २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. तेव्हा मोबाईल घरोघरी नव्हते. ही बातमी एसटीडी फोनवरून काही तासांत देशभर आणि परदेशातही गेली. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले: पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध मूर्तीला लागते आणि पातळ थराने खाली ओघळते. ज्यांनी हे पाहिले त्यांना कळले. पण रांग जितक्या वेगाने लागली, तितक्या वेगाने खुलासा पोहोचला नाही.

कुणी म्हणेल, एका मेसेजने काय बिघडते? दूध वाया गेले, पोस्टकार्डाचे पैसे गेले, एवढेच ना?

नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा. बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज कित्येक दिवस मोबाईलवर फिरत होते. त्यात पोट भरण्यासाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाच्या हाती सापडले. बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. मारणारे कोण? आदिवासी भागातला कष्टकरी बहुजनच. मरणारे कोण? ज्यांना गाव नाही, शेत नाही, असे भटके. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या मुक्त झाल्या. कायदा गेला, पण फिरत्या माणसाकडे बघण्याची नजर गेली नाही. मेसेजने त्याच नजरेच्या हातात काठी दिली.

त्या वर्षी देशात फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जनजागृतीच्या फिल्ममधून कापलेला होता. शेवटचा खुलासा तेवढा काढून टाकला होता! राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्यानंतर कुठे महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. तो कायदा भोंदूबाबाला पकडू शकतो. पण आपल्या अंगठ्याला कोण पकडणार?

आणि हे फक्त 'त्यांच्या' ग्रुपवर चालते असे समजू नका. "खरा भीमसैनिक असशील तर ११ ग्रुपवर पाठव" असे मेसेज आपल्याकडेही येतात. बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधी न म्हटलेली वाक्ये फिरतात. फोटो बदलला म्हणून गाडा बदलत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने तरी हे ओळखायला हवे.

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कुणाचे मानावे? तथागतांचा उपदेश होता की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका. स्वतः तपासा, त्यातून हित होते की अहित ते पाहा. फॉरवर्डचे बटण दाबण्याआधी एवढेच विचारा: हे कुणी सांगितले? पुरावा काय? खोटे निघाले तर कुणाचा जीव जाईल?

मी आत्याला राईनपाड्याची हकीकत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. संध्याकाळी ग्रुपवर तिचा आवाजातला मेसेज आला: "मी सकाळी टाकलेलं कुणी पुढं पाठवू नका. माझं चुकलं." गाडा एका घरात थांबला. आपल्याही घरात थांबवू या.

जय भीम!