हबक्कूकाचें एक वचन

यहुदी लोकांच्या तालमूद ग्रंथांत 'मक्कोथ' नांवाचें एक प्रकरण आहे. खोटी साक्ष आणि फटक्यांची शिक्षा हे त्याचे मुख्य विषय. पण शेवटाकडे चर्चेचा ओघ एकाएकीं वळतो आणि तिसऱ्या शतकांतील रब्बी सिमलाय याचें एक प्रवचन सुरू होतें. मोशेला सीनाय पर्वतावर 613 आज्ञा मिळाल्या, असें तो सांगतो. त्यांपैकीं 365 निषेधाच्या, वर्षाच्या दिवसांइतक्या. आणि 248 विधीच्या, मनुष्यदेहाच्या अवयवांच्या मानलेल्या संख्येइतक्या. पुढें दावीदानें त्या अकरांवर आणिल्या, यशयानें सहांवर, मीखानें तिहींवर, पुन्हां यशयानेंच दोहोंवर, आणि आमोसानें एकीवर. येथें चौथ्या शतकांतील रब्बी नहमान बर इसहाक हरकत घेतो. आमोसाच्या त्या एका आज्ञेच्या पोटांत सगळेंच नियमशास्त्र येत नाहीं कशावरून, असा त्याचा प्रश्न. सर्व आज्ञा खरोखर एकावर आणणारा संदेष्टा हबक्कूक होय, असें म्हणून तो त्याचें एक वचन पुढें ठेवितो. नीतिमान मनुष्य कशाच्या बळावर जगतो, हें त्या वचनांत सांगितलें आहे.

ख्रिस्ती वाचकाला या ठिकाणीं थबकणें भाग पडतें. कारण हें वचन त्याच्या कानांत बाळपणापासून बसलेलें असतें, तें मात्र पौलाच्या तोंडून. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभींच तें घेतलें. गलतीकरांस लिहितांना पुन्हां घेतलें. इब्रीकरांस पत्र लिहिणाऱ्या अज्ञात लेखकानेंहि तें सोडलें नाहीं. नियमशास्त्र एका बाजूस, विश्वास दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें हें वचन कुंपणाप्रमाणें, अशीच शिकवण आमच्या उपासनामंदिरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. आणि येथें तर रब्बी त्याच वचनांत साऱ्या नियमशास्त्राचें सार पाहतो! कुंपणापलीकडच्या माणसाच्या हातीं आपलीच किल्ली दिसावी, तसा हा प्रकार आहे.

तेव्हां मूळ संदेष्ट्याकडे जाणें बरें. हबक्कूकाचा काळ ख्रिस्तपूर्व 600 च्या आसपासचा. खास्द्यांचें सैन्य पश्चिमेकडे लोटत होतें. देशांत न्याय विकला जात होता. देव हें सारें पाहून गप्प कां बसतो, असा संदेष्ट्याचा रोखठोक सवाल आहे. उत्तर ऐकण्यासाठीं तो बुरुजावर पहाऱ्यास उभा राहतो. मिळालेला दृष्टांत पाट्यांवर स्पष्ट लिही, त्यास विलंब लागला तरी वाट पाहा, असें त्याला सांगण्यांत येतें. आणि मग तें वचन येतें. म्हणजे मूळ प्रश्न आत्म्याच्या तारणाचा नव्हे. दिलेला शब्द खरा होईपर्यंतचे दिवस कसे काढावे, हा आहे.

इब्रींत तें वचन अवघ्या तीन शब्दांचें. त्यांतील मधला शब्द 'एमुना'. या शब्दाचा अर्थ नीट कळावा म्हणून निर्गमाच्या पुस्तकांतील एक प्रसंग पाहावा. अमालेक्यांशीं लढाई चालली असतां मोशे टेकडीवर हात उंच करून बसला होता. हात जड झाले, तेव्हां अहरोन व हूर यांनीं ते दोहों बाजूंनीं धरून ठेविले आणि सूर्यास्तापर्यंत ते ढळले नाहींत. हातांच्या त्या न ढळण्यास मूळांत 'एमुना' हाच शब्द योजिला आहे. हा मनांतील समजुतीचा शब्द नव्हे. खांद्यांना कळ लागली तरी हात खालीं न येण्याचा आहे. आपल्या भाषेंत 'विश्वास' हा शब्द ठेवला म्हणजे दुसऱ्यावर भरंवसा टाकण्याचा अर्थ पुढें येतो. 'निष्ठा' म्हटलें कीं स्वतः टिकून राहण्याचा. स्वामिनिष्ठा हा शब्द मराठी माणसास समजावून सांगावा लागत नाहीं. मार्टिन बूबर या यहुदी तत्त्वज्ञानें 1950 साली 'विश्वासाचे दोन प्रकार' अशा अर्थाच्या नांवाचा जर्मन ग्रंथ लिहून इब्री 'एमुना' व ग्रीक 'पिस्तिस' यांची फारकत केली. त्याची मांडणी फारच ताणलेली आहे, असें मला वाटतें. परंतु शब्दांच्या वजनांत फरक आहे, हें त्याचें म्हणणें नाकारतां येत नाहीं.

यहुद्यांनीं शास्त्र ग्रीकमध्यें आणिलें तेव्हां या वचनांतील एक सर्वनाम बदललें. इब्रींत 'त्याच्या' आहे, म्हणजे त्या नीतिमान मनुष्याच्या. ग्रीक भाषांतरांत 'माझ्या' आलें, म्हणजे देवाच्या. इब्री लिपींतील ज्या दोन अक्षरांवर हा भेद अवलंबून आहे, तीं आंखूड-लांब रेघांइतकींच निराळीं दिसतात. नजरचूक असेल, किंवा मुद्दाम घेतलेला पाठ असेल. मनुष्य स्वतःच्या निष्ठेवर जगतो कीं देवाच्या, हा सगळा वाद त्या आंखूड रेघेंत सांठविला आहे. पौलानें तर सर्वनामच गाळून टाकिलें.

1947 साली मृतसमुद्राच्या कांठीं कुमरान येथील गुहेंत जीं पहिलीं सात गुंडाळपत्रें सांपडलीं, त्यांत एक हबक्कूकावरील टीका होती. ती पौलाच्या पूर्वींच्या शतकांतील. या वचनाचा तिनें लाविलेला अर्थ असा कीं, यहूदाच्या घराण्यांत नियमशास्त्र आचरणाऱ्यांस देव त्यांच्या कष्टांमुळें आणि नीतीच्या गुरुवरील त्यांच्या निष्ठेमुळें सोडवील. हा गुरु म्हणजे त्या पंथाचा आचार्य. नियमशास्त्राचें आचरण आणि एका व्यक्तीवरील निष्ठा हीं दोन्ही येथें एकाच वाक्यांत सुखानें नांदतात. पौलापूर्वीं कोणाही यहुद्यास विश्वासाची ओळख नव्हती, असें समजणाऱ्यानें हें पत्र पाहावें.

मग पौलाचें भांडण होतें तरी कोणाशीं? गलतीकरांस लिहिलेलें पत्र वाचतांना आपण विसरतों कीं, तो वाद प्रथम पाटावरचा आहे. अंत्युखियांत पेत्र विदेशी बंधूंबरोबर जेवीत असे. याकोबाकडून कांहीं माणसें आलीं तेव्हां तो हळूच वेगळा बसूं लागला, आणि बर्णबाहि त्याच्यामागें गेला. पंक्तींतून उठून जाण्यानें काय होतें, हें महाराष्ट्रांतील वाचकाला कोणा भाष्यकारानें सांगावयास नको. पौलानें पेत्रास सर्वांदेखत तोंडावर विचारलें. विदेशी मनुष्यानें सुंता करून, अन्नाचे नियम पाळून, आधीं यहुदी व्हावें आणि मग ख्रिस्ताचें व्हावें काय? हा प्रश्न पुढें ठेवून त्याच पत्रांत तो हबक्कूकाचें वचन काढतो, आणि त्याच्यासमोर लेवीयांतील, आज्ञा पाळणारा त्यांच्या योगें जगेल अशा आशयाचें, दुसरें वचन उभें करितो.

आतां या दुसऱ्या वचनाचें रब्बींनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. आज्ञांच्या योगें जगावयाचें आहे, मरावयाचें नाहीं, असा त्यांनीं त्याचा अर्थ केला; आणि त्याच आधारावर, जीव वांचविण्यासाठीं शब्बाथ मोडणें केवळ क्षम्य नव्हे तर कर्तव्य आहे, असा निर्णय दिला. मूर्तिपूजा, व्यभिचार व नरहत्या हे तीन अपवाद सोडले तर हाच नियम. पौलाच्या हातांत जें वचन नियमशास्त्राच्या कठोरपणाची साक्ष झालें, तें त्यांच्या हातांत त्याच्या दयेची साक्ष ठरलें. मीं स्वतः ख्रिस्ती असून पौलाच्याच बाजूचा आहें. परंतु हें वाचल्यावर 'यहुदी धर्म म्हणजे कोरडा कर्मठपणा' असें म्हणण्यास माझी जीभ रेटत नाहीं.

तें म्हणण्याची संवय जडली ती बऱ्याच अंशीं सोळाव्या शतकांत. मार्टिन लूथरनें 1545 साली आपल्या लॅटिन ग्रंथांच्या प्रस्तावनेंत लिहून ठेविलें आहे कीं, रोमकरांस पत्रांतील याच जागीं त्याची अनेक दिवस घालमेल चालली आणि उलगडा होतांच स्वर्गाचीं दारें उघडल्यासारखें झालें. त्याच्या अंतःकरणाच्या त्या सुटकेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण पौलाच्या पत्रांतील यहुदी त्याला आपल्या काळच्या मठांतील संन्याशासारखा, पुण्याची वही घेऊन देवाशीं हिशेब करणारा, असा दिसूं लागला. याकोबाचें पत्र कृतींचा आग्रह धरतें म्हणून त्यानें त्यास गवताची उपमा दिली. आणि 1543 साली त्यानें यहुद्यांविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. त्यांत त्यांचीं सभास्थानें जाळावीं, घरें पाडावीं, ग्रंथ हिसकावून घ्यावे, असा उपदेश राज्यकर्त्यांस केला. 1938 च्या नोव्हेंबरांत 9 व 10 तारखेस जर्मनींत सभास्थानें जळलीं तेव्हां थुरिंगियाचे बिशप मार्टिन सासे यांनीं लूथरचे ते उतारे पुस्तिकारूपानें छापिले, आणि ही आग त्याच्या जन्मदिवशीं लागली याकडे आनंदानें लक्ष वेधिलें. अमेरिकेंतील इव्हँजेलिकल लूथरन चर्चनें 1994 साली त्या लेखनाचा जाहीर निषेध केला. एका वचनाच्या अर्थाचा इतका लांबचा पल्ला असूं शकतो.

विद्वानांकडून दुरुस्ती झाली ती सावकाश. 1921 साली जॉर्ज फूट मूर यांनीं, ख्रिस्ती लेखक यहुदी धर्माचें चित्र कसें वाकडें काढीत आले, हें एका दीर्घ लेखांत दाखविलें. फारसें कोणी मनावर घेतलें नाहीं. 1977 साली ई. पी. सँडर्स यांनीं पॅलेस्टाईनमधील यहुदी धर्म व पौल यांवर मोठा ग्रंथ लिहिल्यानंतर मात्र वारें फिरलें. त्यांचा मुद्दा साधा आहे. मिसरांतून सुटका आधीं झाली, सीनाय नंतर आला. करार देवाच्या कृपेनें मिळाला. आज्ञा पाळावयाच्या त्या करारांत राहण्यासाठीं, तो विकत घेण्यासाठीं नव्हे.

आमच्या कोंकणांत याचा एक दाखला आहे. कुलाबा जिल्ह्यांतील बेने इस्राएल, ज्यांना गांवकरी शनिवार-तेली म्हणत, त्यांच्यापाशीं कित्येक शतकें शास्त्राची पोथी नव्हती, इब्री वाचणारा नव्हता. शनिवारीं घाणा बंद ठेवणें, आठव्या दिवशीं सुंता, खवले व पंख असलेलाच मासा खाणें, आणि 'शमा' ही एक प्रार्थना, एवढेंच हातीं राहिलें होतें. तेवढ्यावर ते टिकले. याला कर्मकांड म्हणावें कीं मोशेच्या हातांची 'एमुना'? डॉ. जॉन विल्सन यांनीं 1832 साली त्यांच्यासाठीं मराठींतून इब्री व्याकरण छापिलें; हेतु अर्थात् त्यांस ख्रिस्ताकडे आणण्याचा. त्यांनीं व्याकरण घेतलें, आणि बहुतेक सर्व यहुदीच राहिले.

म्हणून दोन्ही धर्मांतील भेद पुसून टाकावा, असें मात्र नाहीं. तो खरा आहे. केवळ आपण सांगतों त्या जागीं नाहीं. मशीहा आला आहे, आणि त्याच्या मरणानें व पुनरुत्थानानें राष्ट्रांना सुंतेवांचून दार उघडलें, हें पौलाचें म्हणणें. मशीहा आलेला नाहीं, दृष्टांतास अजून विलंब आहे, हें रब्बींचें. जे वाट पाहत आहेत त्यांना आज्ञा ही पहाऱ्याची जागा वाटते. ज्याची वाट पाहिली तो आला असें ज्यांना वाटतें, त्यांचें पाऊल बुरुजावरून खालीं वळतें.

पौलानें गाळलेल्या सर्वनामाचा प्रश्न अजून चालूच आहे. गलतीकरांस पत्रांत तो ज्याला ख्रिस्ताचा विश्वास म्हणतो, तो ख्रिस्तावरील आपला विश्वास, कीं पित्याविषयीं ख्रिस्तानें स्वतः राखलेली निष्ठा, असा वाद 1983 साली रिचर्ड हेझ यांच्या ग्रंथानें पुन्हां पेटविला. ग्रीक व्याकरणाला दोन्ही अर्थ मान्य आहेत. मला दुसरा अर्थ अधिक पटतो. क्रुसावर पसरलेल्या हातांना तेथें कोणी अहरोन किंवा हूर धरून ठेवीत नव्हता.