लेबनॉन पर्वताचा मुतसर्रिफी प्रांत (१८६१–१९१५) : भूगोल, संस्कृती आणि सीमारेषा

प्रस्तावना

ऑटोमन साम्राज्यातील लेबनॉन पर्वत या अरबीभाषक प्रदेशात १८६० साली मॅरोनाइट ख्रिस्ती व द्रूझ समाजांत भीषण रक्तपात झाला. त्यानंतर ९ जून १८६१ रोजी ऑटोमन सरकार व पाच युरोपीय सत्ता यांनी तेथे स्वायत्त प्रांताची व्यवस्था मान्य केली. या व्यवस्थेने धार्मिक तंटा शमविला. मात्र तिच्या सीमारेषेने डोंगराला अन्नाच्या बाबतीत परावलंबी ठेवले.

भूगोल आणि संस्कृती

समुद्राला समांतर असलेली ही पर्वतरांग ३,००० मीटरहून अधिक उंच जाते. खोल दऱ्यांमुळे अल्पसंख्य पंथांना येथे आश्रय मिळाला. उत्तरेकडील कादिशा खोरे मॅरोनाइट मठांचे, तर दक्षिणेकडील शूफ हे द्रूझांचे केंद्र होते. उतारावर दगडी बांध घालून शेतकरी तुतीची लागवड करीत. रेशीम फ्रान्सला जाई आणि त्याच्या पैशातून धान्य विकत घेतले जाई.

प्रशासन

प्रांताचा प्रमुख, म्हणजे मुतसर्रिफ, हा लेबनॉनबाहेरील ख्रिस्ती प्रजाजन असावा, असा दंडक होता. दाऊद पाशा हा आर्मेनियन कॅथलिक अधिकारी पहिला मुतसर्रिफ झाला. १८६४ च्या सुधारणेनुसार बारा सदस्यांच्या मंडळात मॅरोनाइटांना चार, द्रूझांना तीन, ग्रीक ऑर्थोडॉक्सांना दोन आणि ग्रीक कॅथलिक, शिया व सुन्नी यांना प्रत्येकी एक जागा मिळाली. तथापि बैरूत, त्रिपोली व सिदोन ही बंदरे आणि बिका खोऱ्याची सुपीक जमीन प्रांताबाहेरच राहिली.

परिणाम

अपुऱ्या जमिनीमुळे हजारो लोक अमेरिका खंडात स्थलांतरित झाले. मराठी वाचकांना परिचित असलेले खलील जिब्रान (जन्म १८८३, बशर्री) हे १८९५ मध्ये कुटुंबासह बोस्टनला गेले, ते याच प्रवाहातून. पहिल्या महायुद्धात १९१५ साली स्वायत्तता संपुष्टात आली. त्याच वर्षी टोळधाड आली. दोस्त राष्ट्रांच्या सागरी नाकेबंदीने आयात, रेशमाची निर्यात व परदेशस्थ आप्तांचे पैसे थांबले. लष्करी धान्यवसुली व साठेबाजी यांनी उरलेले धान्यही दुर्मीळ केले. सुमारे चार लाख वस्तीपैकी एक ते दोन लाख माणसे दुष्काळात व साथीत दगावली, असे इतिहासकारांचे अंदाज आहेत.

निष्कर्ष

१ सप्टेंबर १९२० रोजी फ्रेंचांनी घोषित केलेल्या 'बृहत् लेबनॉन'मध्ये बंदरे व बिका यांचा समावेश झाला. दुष्काळाची स्मृती हे या मागणीमागील एक प्रबळ कारण होते. परंतु सीमाविस्ताराबरोबर मुस्लिम लोकसंख्या वाढली आणि पंथनिहाय सत्तावाटपाचा प्रश्न अधिक बिकट झाला. धान्याचा प्रश्न सोडविणाऱ्या सीमेनेच १८६१ च्या राजकीय समतोलाचा पाया बदलला.