चाल किती, झोप किती

१९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या छोट्या गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाहेर पडला. कर्ते दोन : गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो, एक जण गोष्टीची सूत्रं सांभाळतो आणि अडलेल्या ठिकाणी फासे कौल देतात. त्यातल्या राक्षसांबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला त्यातला चालण्याचा आणि झोपण्याचा हिशेब अधिक बोलका वाटतो.

गंमत अशी, की रानातल्या प्रवासासाठी या खेळानं दुसऱ्याच खेळाचा पट वापरायला सांगितलं! 'आउटडोअर सर्व्हायव्हल' हा तो १९७२चा खेळ, रानात वाट चुकून तहानभुकेनं कासावीस झालेल्या माणसांचा. पटावर षटकोनी घरं, एकेक घर पाच मैलांचं. पायी माणसाला दिवसाला तीन घरं. डोंगर किंवा दलदल आली की चाल मंदावणार. भुयारात शिरलात तर दर तासाला दहा मिनिटं थांबायलाच हवं. युद्धाचे पट मांडणाऱ्या मंडळींचे हे नियम. सैन्य थकतं, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि जखमा? पूर्ण विश्रांती घेतली तरी पहिल्या दिवशी काहीच भरून येत नसे. पुढे दिवसाआड एक गुण. दहा गुण गमावलेला गडी जवळजवळ तीन आठवडे अंथरुणाला खिळायचा. पुजाऱ्याचा मंत्र हाताशी असला तर गोष्ट वेगळी.

पुढे ही विश्रांती आखडत गेली. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत पात्र जितक्या पायरीचं, तितके गुण एका रात्रीत परत मिळू लागले. २००८च्या चौथ्या आवृत्तीत सहा तासांत सगळेच. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत आठ तास, पण तेही सगळेच. कारण समजण्यासारखं आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ काढून आलेल्या माणसाला आजारपण खेळायचं नसतं.

पण याचा भुर्दंड रस्त्याला पडला. दहा दिवसांची वाट आहे, रोज एकदा दरोडेखोर आडवे येतात आणि रोज सकाळी सगळे ताजेतवाने उठतात. मग त्या दरोडेखोरांची भीती कुणाला? दिवसाला चोवीस मैलांचा नियम पुस्तकात आहे, आठ तासांपलीकडे चाललात तर थकव्याची परीक्षाही आहे. तरी कित्येक टेबलांवर प्रवास एका वाक्यात उरकतो : 'दहा दिवसांनी तुम्ही पोहोचलात.' मला ही हानी मोठी वाटते. दूर असणं म्हणजे काय, हेच त्यात हरवतं.

काहींनी वाट पुन्हा अवघड केली. टॉल्किन यांच्या जगावर बेतलेल्या २०११च्या 'द वन रिंग'मध्ये वाटाड्या, टेहळ्या, शिकारी आणि पहारेकरी अशी कामंच वाटून दिलेली आहेत. स्वीडनमधल्या 'फॉरबिडन लँड्स'नं २०१८ साली दिवसाचे चार प्रहर पाडले. चालायचं, शिकार करायची, तळ ठोकायचा की झोपायचं, हे प्रहरागणिक ठरवायचं. रात्री जो पहाऱ्याला बसला, त्याची झोप दुसऱ्या प्रहरातून काढावी लागते, आणि तेवढा प्रहर तो चालू शकत नाही.