गोडाची वाट आणि मुलांचे दात

मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. लेख लिहिण्याची सवय नाही. तरी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहावयास बसले, त्याचे कारण माझा मुलगा. गेल्या पावसाळ्यात, चौदाव्या वर्षी, त्याची दाढ काढावी लागली. ती दुधाची नव्हती, कायमची होती. आता पुन्हा येणार नाही. माझ्या आजीने म्हातारपणीही हरभरे फोडले. मग पणतवावर ही पाळी का यावी?

गोड आपल्याकडे नवे नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेहून परतताना रेवड्या, बत्तासे आणावयाचेच. पण यात्रा वर्षातून एकदा. एरवी घरात गूळ, आणि तोही जेवणाच्या ताटात.

पुढे साखर जवळ आली. निजामाच्या राज्यात १९३७ साली आपल्या शेजारी बोधनला साखर कारखाना निघाला. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला व १९५० साली तेथे साखर होऊ लागली. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, हे चांगलेच झाले. नाशिक जिल्ह्यात रावळगावला शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखरेचा उद्योग काढला. १९४२ पासून तेथे गोळ्याही होऊ लागल्या. माझ्या लहानपणी त्या दुकानाच्या बरणीत दिसत. मग बाटलीतली पेये आली. कोका-कोला १९७७ साली देशातून गेला आणि १९९३ साली परतला. आज पानटपरीवरही थंड बाटली मिळते.

दात कसा किडतो? तोंडातले जंतू साखर खातात व आम्ल करतात. त्या आम्लाने दाताचे कवच झिजते. लाळ ते हळूहळू भरून काढते, पण तिला वेळ हवा. दर तासाला गोळी चघळली, तर तिने काम केव्हा करावे? स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म येथील संस्थेत १९४५ नंतर याचा प्रयोग झाला. जेवणासोबत खाल्लेल्या साखरेने नुकसान थोडे झाले; मधल्या वेळी चघळलेल्या चिकट गोळ्यांनी दात भराभर किडले. ते रुग्ण मतिमंद होते, त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. हे वाचून फार वाईट वाटले. त्यांच्या दातांनी शिकवलेला धडा तरी आपण वाया घालवू नये.

आणि गूळ निर्दोष आहे असे समजू नका. चिक्कीही दाताला चिकटतेच. बाटलीतल्या पेयात साखर आणि आम्ल दोन्ही असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर मोठ्या माणसाने दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवावी. २५ ग्रॅम असल्यास अधिक चांगले. पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीतच ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. दुसरी मोठी दाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास येते. नवे कवच कोवळे असते, आणि नेमक्या त्याच वयात मुलांच्या हाती खाऊचे पैसे येतात.

दोष मुलाचा नाही. अभ्यासाला बसावे म्हणून गोळी मीच देत होते.

म्हणून माझी विनंती अशी. यंदाच्या हळदीकुंकवाला बाटल्यांऐवजी ताक ठेवावे. मुलांच्या स्पर्धेत चॉकलेटऐवजी वही द्यावी. तिळगूळ जरूर वाटावा, पण जेवणानंतर खावा आणि वर पाण्याची चूळ भरावी. रात्री झोपण्यापूर्वी मुलांना दात घासावयास लावावे. यात्रेचे गोड यात्रेपुरते राहिले, तर आपल्या मुलांनाही म्हातारपणी हरभरे फोडता येतील.