पंचायतीत अंगठा देण्याआधी हे वाचा : पोटगी, मारहाण आणि पोलीस तक्रारीचे नियम

सेमाडोह (ता. चिखलदरा) : नवरा-बायकोचं भांडण मेळघाटात आधी गावपंचांपुढे जाते. समजूत काढायला हरकत नाही. पण पंचांनी केलेला कागद म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. कोणती गोष्ट गावात मिटते आणि कोणती नाही, हे माहीत नसलं की नुकसान बहुतेक वेळा बाईचंच होते.

हिंदू विवाह कायदा कोरकूंना लागतो का?
नाही. 1955 च्या या कायद्याचं कलम 2(2) सांगते की केंद्र सरकारनं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. लग्न आणि सोडचिठ्ठी जमातीच्या रूढीनं चालते. मात्र पोटगी, मारहाण आणि बालविवाहाचे कायदे सगळ्यांना सारखेच आहेत.

पोटगी (खावटी) कशी मिळते?
1 जुलै 2024 पासून जुन्या कलम 125 च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलं. बायको, लेकरं आणि म्हातारे आईबाप स्वतःचं भागवू शकत नसतील तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. बाई माहेरी राहत असेल तर तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. केस सुरू असताना अंतरिम पोटगी मागता येते. हुकूम होऊनही नवऱ्यानं पैसे थकवले तर त्याला जेल होऊ शकते. मात्र थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज एका वर्षाच्या आत करावा लागते. नवऱ्यानं दुसरी बायको केली म्हणून पहिली वेगळी राहिली, तरी तिचा हक्क जात नाही.

धोका कुठे आहे?
स्टॅम्प पेपरवरच्या एका ओळीत. लग्न कायम असताना नवरा-बायको आपसी संमतीनं वेगळे राहत असतील तर बायकोला या कलमाखाली पोटगी मिळत नाही. त्यामुळे नवऱ्यानं हाकलून दिलेल्या बाईनं ‘आम्ही राजीखुशीनं वेगळे राहतो’ अशा कागदावर अंगठा दिला, तर तोच कागद पुढे कोर्टात तिच्याविरुद्ध दाखवला जातो. कागद आधी वाचून घ्या, नाहीतर सही करू नका.

मारहाण झाली तर?
नवरा किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली गुन्हा आहे (जुनं 498-अ). शिक्षा 3 वर्षांपर्यंत. घरातून हाकलू नये, संरक्षण मिळावं, यासाठी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करता येतो.

‘आमची हद्द नाही’ असं ठाण्यात म्हटलं तर?
दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागते. याला झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची नक्कल फुकट मिळते. तक्रार घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते. कोणाला अटक झाली तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करावंच लागते.

गावात काय मिटवता येत नाही?
18 वर्षांखालच्या मुला-मुलीवरचा लैंगिक गुन्हा. पॉक्सो कायद्यात तो माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. मुलगी 18 किंवा मुलगा 21 च्या आत असेल तर तो बालविवाह. तो ठरत असल्याचं कळलं की ग्रामसेवकाला किंवा 1098 वर सांगा. पोलिसात गेली म्हणून एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणं महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायद्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वकिलाचा खर्च?
महिला, बालकं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा अमरावतीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा.

नंबर जपून ठेवा : विधी सेवा 15100, महिला हेल्पलाइन 181, पोलीस 112, चाइल्डलाइन 1098.