न्यू इंग्लिश स्कूल, पुणे

डेक्कन एज्युकेशन सोसायटीची माध्यमिक शाळा. स्थापना २ जानेवारी १८८०. महाराष्ट्रातल्या खासगी शिक्षणसंस्थांचा इतिहास लिहायला घेतला की सुरुवात बहुधा या शाळेपासूनच करावी लागते.

शाळेची कल्पना निघाली ती सरकारी नोकरीच्या कंटाळ्यातून. ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्री चिपळूणकर रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते, १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि पुण्यात स्वतःची शाळा काढायचे ठरवले. डेक्कन कॉलेजात एकत्र शिकलेले बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर याच विचाराचे होते, ते चिपळूणकरांना येऊन मिळाले. अकोल्याहून मॅट्रिक होऊन पुण्याला आलेले आगरकर एम.ए.च्या अभ्यासात अडकल्याने प्रत्यक्ष शिकवायला १८८१ मध्ये आले. शाळा उघडली तेव्हा भार चिपळूणकर, टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांच्यावर होता. नामजोशींचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. पण माणसे आणि पैसा जमवण्याची त्यांची हातोटी नसती तर शाळा तगली असती का, अशी शंका येते.

लवकरच वामन शिवराम आपटे दाखल झाले. पुढे संस्कृत-इंग्रजी कोशामुळे प्रसिद्ध झालेल्या आपट्यांनी शाळेला शिस्त लावली. मॅट्रिकमध्ये संस्कृतसाठी मिळणाऱ्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्त्या शाळेची मुले पटकावू लागली आणि तिचा लौकिक झाला. १८८२ मध्ये शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनी शाळा पाहून तिची वाखाणणी केली. त्याच वर्षी मार्चमध्ये चिपळूणकर वारले, आणि कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही वृत्तपत्रे चालवणारी मंडळीच वर्गात शिकवत होती. तरी पालकांनी मुले काढून घेतली नाहीत, यावरून त्या काळच्या पुण्याची नाडी कळते.

शाळेच्या पाठीशी कायमची संस्था असावी म्हणून २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. संस्थेचे मालक शिक्षकच: आजीव सभासदाने दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे सेवा द्यायची, अशी तेव्हाची रीत होती. गोपाळ कृष्ण गोखले प्रथम या शाळेतच शिक्षक म्हणून आले. सभासदांनी बाहेरची कमाई करावी की नाही, यावरून मात्र भांडणे पेटली आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. त्यागाचा नियम कडक ठेवावा, हे टिळकांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर होते; संसार चालवणाऱ्या शिक्षकांच्या अडचणीही खोट्या नव्हत्या.

वास्तू. शाळेला सुरुवातीला स्वतःचे घर नव्हते. पहिले वर्ग बुधवार पेठेत मोरोबादादांच्या वाड्यात भरले. नंतर शनिवार पेठेतला गद्रे वाडा घेतला. कॉलेजही आरंभी तिथेच भरत असे. पुढे ते चतुःशृंगीच्या बाजूच्या माळावर गेले. शनिवारवाड्याजवळचा नानावाडा, म्हणजे नाना फडणविसांचे घर, हाही शाळेने वापरला. या वाड्यांतले चौक, सोपे आणि ओसऱ्या राहण्यासाठी बांधलेल्या. तिथे बाके मांडून वर्ग भरवायचे म्हणजे उजेडापासून गोंगाटापर्यंत सगळ्याशी तडजोड करावी लागे.

आज शाळा जिथे भरते त्या जागेवरून तिची ओळख रमणबाग अशीच आहे. केसरीवाड्यापासून थोड्याच अंतरावर, दाट पेठांमध्ये एवढे मोकळे मैदान टिकले ही मोठीच गोष्ट. शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव २०१७ पर्यंत अनेक वर्षे याच मैदानावर होत असे; पुढच्या वर्षी तो मुकुंदनगरला हलला. गणेशोत्सवातले रमणबागेचे ढोलपथकही शहरभर माहीत आहे. टिळक रस्त्यावर सोसायटीची याच नावाची दुसरी शाळा असल्याने पुणेकर नुसते ‘न्यू इंग्लिश’ म्हणत नाहीत, पुढे ‘रमणबाग’ किंवा ‘टिळक रोड’ जोडतात. साताऱ्यातही सोसायटीचे न्यू इंग्लिश स्कूल आहे.